वजन अडकलं, दोष कुणाचा?

"१२०० कॅलरीसुद्धा खात नाही, तरी काटा हलत नाही!" वजन उतरता उतरता थांबलं की खापर फुटतं चयापचयावर. ही तक्रार तपासणारा लिक्टमन आणि सहकाऱ्यांचा १९९२ चा शोधनिबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आहे. तो मुळातून वाचा.

अशी तक्रार करणाऱ्या १० जणांचा ऊर्जाखर्च संशोधकांनी समस्थानिकांच्या पाण्याने मोजला. खर्च आणि शरीरातल्या साठ्यातला बदल यांवरून खरा आहार काढला. चयापचय अपेक्षेइतकाच निघाला. पण लोकांनी आहार सरासरी ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त नोंदवली होती.

निबंधाचं बळ इथेच आहे. नोंदवहीची पडताळणी नोंदवहीनेच केलेली नाही.

आता मर्यादा बघा. माणसं फक्त १०, तीही खास निवडलेली. त्यावरून 'वजन अडकलेले सगळे खोटं बोलतात' असं म्हणता येत नाही. अंदाज चुकणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. शिवाय वजन घटण्याआधी आणि नंतर चयापचय किती बदलला, हा इथे प्रश्नच नव्हता. तो २०१६ च्या एका अभ्यासात होता: 'द बिगेस्ट लूझर' या कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च सहा वर्षांनीही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता.

मग दोन्ही निबंध एकमेकांना खोडतात का? नाही. माणसं वेगळी, प्रश्न वेगळा. परीक्षण लिहिताना आधी एवढंच विचारा: नेमकं काय मोजलं, आणि कुणाचं? नाहीतर एखाद्या पेशंटला आपण विनाकारण खोटारडा ठरवून बसतो.