आवाज दुसरीचा, अभिनय तिचा
सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांचा १९६६ सालचा ‘ला न्वार द...’ हा बोलपट म्हणजे म्बिसिन तेरेझ दियोप हिचें रुपेरी पडद्यावरील पहिलेंच पाऊल. डाकारची निरक्षर तरुणी द्युआना मुलें सांभाळावयाचीं म्हणून फ्रान्समधील आंतीब येथें जाते. वांट्यास येतें तें मात्र मोलकरणीचें कोंडलेलें जिणें. अखेर ती आत्मघात करते. मालक तिच्या नांवानें तिच्या आईला परस्पर पत्र लिहूं लागतो, तो प्रसंग काळीज कापणारा आहे.

नवल असें कीं, दिग्दर्शकानेंही नटीच्या बाबतींत तेंच केलें आहे! द्युआनाचें फ्रेंच स्वगत दियोपच्या आवाजांत नाहीं. तो आवाज हैतीच्या तोतो बिसेंत हिचा. ती सफाईदार वाणी आम्हांस परकी वाटते. परंतु मालकिणीशीं मुखवट्यासाठीं झटणारे ते हात, ती ताठ मान पाहावी. स्वगत जें सांगतें तें चेहऱ्यानें आधींच सांगितलेलें असतें. पुढें १९७१ च्या ‘एमिताई’तही ती दिसली, तथापि रसिकांच्या स्मरणांत राहील ती हीच भूमिका, आणि तिचें श्रेय आमच्या मतें त्या मुक्या अभिनयाचें आहे.