‘रेणुमुद्रा’ या संज्ञेची चिकित्सा
उमेळ्याच्या ओल्या शेतात उमटलेले पाऊल हा ठसा होय. तो पृष्ठभागावरच असतो. ‘रेणुमुद्रित बहुवारिक’ या संज्ञेतील मुद्रा निराळी आहे. येथे साचारेणूभोवती एकवारिके जुळतात, बंधकाने जागच्या जागी दृढ होतात, आणि साचा धुऊन काढल्यावर बहुवारिकाच्या अंतरंगात पोकळी उरते.

१९९३ साली मोसबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी थिओफिलिन व डायझेपाम ओळखणारी अशी बहुवारिके वर्णिली. त्यांच्या निबंधाचे शीर्षक ‘प्रतिपिंडांच्या अनुकृती’ असेच म्हणते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील लेले, कुलकर्णी व माशेलकर यांनीही १९९९ साली कायमोट्रिप्सिन या विकराची ‘अनुकृती’च मांडली. ‘कृत्रिम प्रतिपिंड’ या रूढ संज्ञेने मात्र मूळ व अनुकृती यांतील अंतर पुसून टाकले.

हे अंतर केवळ शाब्दिक नव्हे. या पोकळ्या एकसारख्या नसतात. काही चोख, बऱ्याच सैल. एकवारिक कमी पडल्यास साचा नीट धरला जात नाही. अधिक झाल्यास परके रेणूही चिकटतात. म्हणून साच्याविना घडविलेल्या बहुवारिकाशी तुलना केल्यावाचून ‘ओळख’ सिद्ध होत नाही. संज्ञा सुटसुटीत असावी हे खरे. परंतु प्रयोगाने जे दिले नाही, ते तिने कबूल करू नये.