‘उपयोजन’ या शब्दाची दिशा

विद्यापीठीय प्रबंधांच्या अखेरीस ‘व्यावहारिक उपयोजन’ या शीर्षकाचे एक प्रकरण पुष्कळदा असते. ते बहुधा सर्वांत घाईने लिहिलेले असते. त्यामागील गृहीतक असे की, ज्ञान आधी विद्यापीठात सिद्ध होते आणि मग उताराचे पाणी जावे तसे कारखान्यात उतरते. यंत्र-अभियांत्रिकीच्या प्रबंधांत हे गृहीतक विशेष मुरलेले आहे. म्हणूनच ऑस्बर्न रेनल्ड्झ यांचा वंगणक्रियेवरील १८८६ सालचा निबंध भाषेच्या अभ्यासकानेही वाचावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रेनल्ड्झ १८६८ पासून मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचे शीर्षक लांबलचक आहे. वंगणक्रियेचा सिद्धांत, त्याचे बीचम टॉवर यांच्या प्रयोगांस उपयोजन आणि ऑलिव्ह तेलाच्या श्यानतेचे मापन, एवढे सारे त्यात आले आहे. येथे ‘उपयोजन’ बाजाराकडे जात नाही. आधीच होऊन गेलेल्या प्रयोगाकडे ते मागे वळते.

त्या प्रयोगांतील कोडे मोठे चमत्कारिक होते. इंग्लंडमधील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेसाठी टॉवर घर्षण मोजीत होते; त्यांचा अहवाल १८८३ चा. ४ इंच व्यासाचा आस खालून तेलात बुडालेला आणि त्यावर अर्धगोल धारवा बसविलेला. (परिभाषाकारांचा हा शब्द सुबक आहे, पण यंत्रापाशी उभा असलेला माणूस बेअरिंगच म्हणतो.) तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तो तेल आत जाण्याऐवजी वर उसळले. बूच बसविले, लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर फेकली गेली. दाबमापकाचा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला; सरासरी भार मात्र १०० पौंडच होता. बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगते, हे टॉवर यांनी ओळखले. एवढा दाब येतो कोठून, हे सांगणारे गणित मात्र नव्हते.

ते रेनल्ड्झ यांनी दिले. थराची जाडी सर्वत्र सारखी नसते. फिरणारा आस तेलाला रुंद जागेतून अरुंद जागेकडे ओढून नेतो आणि त्या पाचरीत दाब उत्पन्न होतो. निबंध सत्तरांहून अधिक पृष्ठांचा आहे. आकृत्यांच्या साहाय्याने केलेले आरंभीचे विवेचन नितळ आहे. पुढील श्रेढींची मांडणी मात्र जड आणि आसाची उत्केंद्रता वाढली की अपुरी पडणारी. ती उणीव झोमरफेल्ड यांनी १९०४ मध्ये बरीचशी भरून काढली.

या समीकरणातून नवे यंत्र निघाले ते इतरांच्या हातून. जलविद्युत्केंद्रातील उभ्या आसाचा सारा भार एका बेअरिंगवर येतो. त्याचे ठोकळे किंचित कलू दिले, तर तेलाची पाचर आपोआप तयार होते, ही कल्पना ऑस्ट्रेलियात मिचेल यांना आणि अमेरिकेत रेनल्ड्झ यांचा निबंध वाचलेल्या किंग्सबरी यांना स्वतंत्रपणे सुचली. मिचेल यांचे पेटंट १९०५ चे. किंग्सबरी यांचे बेअरिंग १९१२ मध्ये पेनसिल्व्हानियातील होल्टवुड येथे बसविले गेले. त्याच वर्षी रेनल्ड्झ वारले. १८८६ मध्ये त्यांच्याकडे ‘व्यावहारिक उपयोजना’चे प्रकरण मागितले असते, तर त्यात या यंत्राचे नावही आले नसते.

यावरून विद्यापीठाने व्यवहाराकडे पाठ फिरवावी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उलटा ठरेल. रेनल्ड्झ यांचा प्रश्नच मुळी टॉवर यांच्या उडालेल्या खुंटीतून आला होता. आपल्या प्रबंधांवरील आक्षेप वेगळा आहे. त्यांत व्यवहार नेहमी संप्रदानी असतो, म्हणजे ज्याला काही द्यावयाचे तो. अपादानी, म्हणजे ज्याच्याकडून काही घ्यावयाचे तो, क्वचितच. प्रश्न कोणत्या यंत्रावर उद्भवला आणि तो प्रथम कोणी पाहिला, हे पहिल्या प्रकरणात शोधूनही सापडत नाही. उपयोजित भाषाशास्त्र म्हणविणाऱ्या आमच्या शाखेचीही स्थिती याहून बरी नाही: भाषाशिक्षणावरील प्रबंधांत शिक्षकांसाठी शिफारशी भरपूर असतात, शिक्षकाने विचारलेला प्रश्न मात्र नसतो.