‘काने बोसेम’ आणि अरादची वेदी

निर्गम ग्रंथाच्या ३० व्या अध्यायांत इस्राएल लोकांच्या अभिषेकतेलाची कृति दिली आहे : गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, ‘काने बोसेम’ २५०, तज ५०० व जैतुनाचें तेल एक हीन. यांतील ‘काने बोसेम’ म्हणजे भांग, असें मत सुला बेनेत या विदुषीनें १९३६ सालीं मांडलें. अरादच्या वेदींवरील काजळीचें पृथक्करण २०२० सालीं प्रसिद्ध झाल्यापासून तें मत सिद्ध झालें, असें पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतें. आम्हांस हें अनुमान मान्य करवत नाहीं.

‘काने’ म्हणजे बोरू, ‘बोसेम’ म्हणजे सुगंध. अर्थ सरळ आहे. ग्रीक भाषांतरकारांनींहि बोरूवाचक ‘कालामोस’ शब्दच योजिला. तें वेखंड कीं रोहिस गवत, हा वाद निराळा. मिश्नांत भांगेला जो शब्द येतो तो तर ग्रीकांतून घेतलेला आहे. राहतां राहिलें ध्वनिसाम्य. आणि त्यावर इमले रचण्याची हौस आमच्याकडेहि कांहीं कमी नाहीं.

आतां अराद. नेगेवमधील या किल्ल्यांतलें देवालय योहानान अहरोनी यांच्या उत्खननांत १९६३ सालीं उघडें झालें. गाभाऱ्याच्या प्रवेशापाशीं चुनखडीच्या दोन वेदी मिळाल्या. काळ ख्रिस्तपूर्व ८ वें शतक. मोठीवर लेबोना धूप व जनावराची चरबी निघाली, तर लहानीवर भांग व शेण. शेणाच्या मंद विस्तवावर भांग धुमसते, हें खरें. परंतु ती तेथें जाळलेली आहे. ‘काने बोसेम’ तेलांत पडतें. जाळावयाच्या धूपाची कृति त्याच अध्यायांत वेगळी सांगितली आहे : नाटाफ, शेहेलेथ (हा सामान्यतः नखला समजतात), हेलबना आणि शुद्ध लेबोना, म्हणजे आपल्या सालईच्याच जातींतील झाडाचा डीक, हीं समभाग. तींत ‘काने’चें नांवहि नाहीं.

तेव्हां मोठी वेदी ग्रंथोक्त लेबोनास पुष्टि देते, लहान वेदी ग्रंथांत न आलेला आचार दाखविते. हा विसंवाद मोलाचा आहे. शब्दाचा अर्थ ओढून तो बुजविणें म्हणजे हातचा पुरावा गमावणें होय. अभिषेकतेलाचें एखादें पात्र सांपडून त्यांत भांगेचा अंश निघाला, तर बेनेतबाईंच्या मताचा आम्ही अवश्य पुनर्विचार करूं. वेदीवरील काजळीनें तें काम होण्यासारखें नाहीं.