फेलिसिटीचे मैदान : वॉलकॉटच्या नोबेल व्याख्यानाचे एक वाचन

डेरेक वॉलकॉट यांनी ७ डिसेंबर १९९२ रोजी दिलेल्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ त्रिनिदादमधील फेलिसिटी या खेड्यातील रामलीलेने होतो. 'द अँटिलीज : फ्रॅग्मेंट्स ऑफ एपिक मेमरी' हे त्याचे शीर्षक. वसाहतोत्तर साहित्याच्या चर्चेत त्यातील फुटलेल्या पात्राची प्रतिमा इतक्या वेळा येते की, व्याख्यान ज्या गावापासून सुरू होते ते गावच मागे पडते. प्रस्तुत लेखात त्या गावाच्या बाजूने हे व्याख्यान वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

व्याख्यानाचे खरे बळ वक्त्याने दिलेल्या कबुलीत आहे. कारोनीच्या सपाट ऊसपट्ट्यालगतचे मैदान, धनुष्यबाण घेतलेली मुले, दहनासाठी उभारलेला बांबूचा भव्य पुतळा हे सारे वॉलकॉट प्रथम नाटककाराच्या नजरेने पाहतात. त्यांना तेथे मूळ परंपरेची झिजलेली नक्कल दिसते. मग त्यांच्या ध्यानात येते की ही मुले नट नसून भाविक आहेत, आणि ऱ्हास मैदानावर नसून आपल्या दृष्टीत होता. मोठ्या व्यासपीठावरून आपली चूक इतक्या स्वच्छपणे सांगणारे लेखक विरळाच.

मात्र श्रद्धा मान्य केली म्हणजे इतिहास सांगितला असे होत नाही. करारबद्ध मजुरीचा उल्लेख व्याख्यानात ओझरता येतो. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज त्रिनिदादला पोहोचले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय या बेटावर नेले गेले. बहुसंख्य कलकत्ता बंदरातून गेले आणि भोजपुरी-अवधी मुलखातले होते. म्हणूनच तेथील रामलीलेला आधार आहे तो तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'चा. परवान्याशिवाय मळा सोडणे हा या मजुरांसाठी गुन्हा होता. अशा भूमीत मोकळे मैदान मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. याच कारोनी परिसरात, वॉटर्लू येथे, सिवदास साधू या मजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधले. १९५२ मध्ये ते पाडले गेले व त्याला तुरुंगवास झाला. नंतर त्याने समुद्रात भराव टाकून मंदिर उभारले, कारण समुद्र कंपनीच्या मालकीचा नव्हता. जमीन कोणाची, हा प्रश्न वॉलकॉट यांच्या मैदानावर उपस्थितच होत नाही.

फेलिसिटी त्यापूर्वीही ग्रंथात आले होते, पण नाव बदलून. मॉर्टन क्लास यांच्या १९६१ च्या मानववंशशास्त्रीय अभ्यासातील 'ॲमिटी' म्हणजे हेच गाव. क्लास यांना तेथे उत्तर भारतीय समाजरचनेचे सातत्य दिसले, तर वॉलकॉट यांना तुकडे आणि त्यांची प्रेमाने केलेली जुळणी. निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी दोन्हीकडे गाव हे पुरावा म्हणून येते. व्याख्यानात तर गावकऱ्यांचा स्वतःचा शब्द जवळजवळ ऐकूच येत नाही.

येथे व्ही. एस. नायपॉल यांची आठवण अपरिहार्य ठरते. त्यांचा जन्म १९३२ चा, फेलिसिटीला लागून असलेल्या शगवानसचा. उसाच्या मधोमध पाहिलेली रामलीला त्यांनीही लिहिली आहे. परंतु २००१ च्या नोबेल व्याख्यानात ते आणखी खाली खणतात. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांना स्पेनच्या राजाचे १६२५ चे पत्र सापडले. त्यात 'शगवानेस' या आदिवासी समूहाला शासन करण्याची आज्ञा होती. गावाला नाव देणारी माणसे नाहीशी झाली आणि त्या नावाचा अर्थ तेथे कोणालाच ठाऊक नव्हता. नायपॉल यांच्या कोरड्या, काहीशा निष्ठुर शैलीविषयी आक्षेप असू शकतात, मात्र स्थानिक इतिहासाचे ऋण त्यांनी अधिक फेडले असे मला वाटते.

वॉलकॉट वर्गात शिकवताना एक अडचण हमखास येते. रामलीला म्हटले की विद्यार्थी (आणि कधी आपणही) 'आपली संस्कृती सातासमुद्रापार टिकली' म्हणून सुखावतात. ही वॉलकॉट यांच्या पहिल्या चुकीची उलट बाजू आहे. त्यांना मैदानात नक्कल दिसली, आपल्याला आपलाच आरसा दिसतो. कारोनी कंपनीचे साखर उत्पादन २००३ मध्ये बंद झाले. व्याख्यानातील ऊस आज तेथे उभा नाही, आणि तो तोडणाऱ्यांच्या नातवंडांना रामलीलेबरोबर त्या रिकाम्या शेतांचाही हिशेब मांडायचा आहे.