शब्द फक्त सात टक्के?

इंग्रजी शिकवणाऱ्यांना मार्गदर्शन करताना काही आकडे हमखास सांगितले जातात. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के! त्यावरून असा निष्कर्ष काढला जातो की, शिक्षकाने हावभाव सुधारले की मुले आपोआप बोलू लागतील. तो तपासून पाहायला हवा.

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे. १९६७ साली सहकाऱ्यांबरोबर केलेल्या दोन प्रयोगांची सांगड घालून त्यांनी ते मांडले. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवायचे, एका प्रयोगात जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवायची आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढेच ओळखायला सांगायचे, असे त्यांचे स्वरूप होते. सर्व संवादाला हे आकडे लावले, तर परक्या भाषेतले भाषणही आपल्याला ९३ टक्के समजायला हवे!

प्रयोगाचा खरा धडा लहान, पण मोलाचा आहे. शिक्षक तोंडाने ‘व्हेरी गुड’ म्हणतात आणि कपाळाला आठी घालतात, तेव्हा मूल आठीवर विश्वास ठेवते. पुढच्या वेळी ते गप्प बसते.

हातवाऱ्यांचे काम निराळे. ‘येस्टरडे’ म्हणताना अंगठा खांद्यामागे नेला, की अर्थ मराठीत सांगावा लागत नाही. मूल ‘येस्टरडे आय गो’ म्हणाले, तर तीच खूण पुन्हा करावी; ‘वेंट’ शब्द त्याचा त्यालाच आठवू शकतो. खूण शब्दाची जागा घेत नाही, शब्दाकडे नेते. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी अभ्यास केला (१९९७). चूक झाली की बहुतेक वेळा शिक्षक स्वतःच बरोबर वाक्य म्हणून टाकत, आणि नेमकी तेव्हाच मुलांकडून दुरुस्ती सर्वांत कमी होई.

खूण केल्यावर थांबावेही लागते. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. ते तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले, तेव्हा उत्तरे लांबली आणि ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले. इंग्रजीच्या तासाला तर मुलाला उत्तराबरोबर शब्दही शोधायचे असतात.

पडताळा घेणे अवघड नाही. एखाद्या सहकाऱ्याला घड्याळ घेऊन मागच्या बाकावर बसवा आणि आपण प्रश्नानंतर किती थांबतो ते मोजायला सांगा. मात्र थांबताना नजर मुलाकडे हवी. दाराकडे पाहत काढलेले तीन सेकंद मुलाच्या काही उपयोगाचे नाहीत.