दोन षड्जांचे स्तोत्र

अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्ज याने बायबलातील ६७व्या स्तोत्राला दिलेली चाल आठ पदरी समूहगानासाठी आहे. चार पदर स्त्रियांचे, चार पुरुषांचे. स्त्रिया सी मेजरमध्ये गातात, त्याच वेळी पुरुष जी मायनरमध्ये. आपल्या भाषेत सांगायचे तर एकाच गाण्यात दोन षड्ज: एक पांढरी एकमध्ये, गंधार शुद्ध, दुसरा पांढरी पाचमध्ये, गंधार कोमल.

कागदावर हे बंड वाटते. म्हणून मी त्यातले स्वर पेटीवर लावून पाहिले. पांढरी एक, तीन, पाच, काळी पाच आणि वरची पांढरी दोन एकत्र दाबल्या. मूळ मांडणी वेगळी आहे, पण स्वर हेच. भांडण ऐकू आले नाही. पांढरी पाच दोन्हींकडे असल्याने तीच सांधा होते आणि एकच भरदार मेळ कानी पडतो. त्यावर सुरुवातीचे सावकाश, एकत्र उच्चारलेले शब्द चर्चमधल्या स्तोत्रपठणासारखेच चालतात. मधल्या भागात मात्र आवाज एकमेकांमागून शिरतात, आणि तिथे शिस्तशीर शिक्षण दिसते.

हे शिक्षण कोणाचे, हाच वादाचा मुद्दा आहे. आइव्ह्ज १८९४मध्ये येल विद्यापीठात गेला, आणि त्याच नोव्हेंबरात त्याचे वडील वारले. वडील जॉर्ज बँडमास्तर. एका पट्टीत साथ देऊन मुलांना दुसऱ्या पट्टीत गायला लावणारे. येलमधील गुरू होरेशिओ पार्कर. वडील पार्करपेक्षा थोर होते, असे आइव्ह्जने पुढे लिहून ठेवले. हे स्तोत्रही बरीच वर्षे १८९४चे मानले गेले, म्हणजे वडिलांच्या छायेतले.

१९८७मध्ये मेनार्ड सॉलोमन यांनी आइव्ह्जच्या तारखांवर शंका घेतली. पुढे गेल शेरवूड यांनी हस्तलिखितांचा कागद आणि अक्षराचे वळण तपासले. त्यांच्या निष्कर्षांनी आइव्ह्जची बाजू बरीचशी सावरली. हे स्तोत्र मात्र १८९८-९९च्या सुमारास, म्हणजे येलमधल्या शिक्षणाच्या अखेरीस सरकले.

चार वर्षांनी काय बिघडते? माझ्या मते काही बिघडत नाही; उलट रचना नीट उमगते. या चार वर्षांत आइव्ह्ज न्यू हेवनच्या सेंटर चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होता आणि वर्गात पार्करकडून शिकत होता. दोन पट्ट्यांचा खेळ वडिलांचा असेल, पण तो गायकांच्या गळ्याला पेलेल असा बांधायला चर्चमधला सराव आणि पार्करची तालीम लागली. १८९४ धरले तर आपल्या हाती एक चमत्कार येतो. १८९८ धरले तर एक विद्यार्थी.

हे स्तोत्र जाहीरपणे गायले गेले ते १९३७मध्ये. तोवर आइव्ह्ज विमा व्यवसायातून निवृत्तही झाला होता. वडिलांचे ऋण त्याने स्वतः मान्य केले आहे. पार्करचे ऋण स्तोत्राच्या मधल्या भागात आहे, आणि ते मान्य करणे आता आपल्याकडे आले आहे.